टॉमकॅटवर वॉर बदलली की मेमरी परत मिळत नाही: रीडिप्लॉय आणि क्लासलोडर लीक

कृष्णाकाठ (सोमवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी,

आमची छोटी कंपनी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करते. एका ग्राहकाकडे एकाच टॉमकॅट ९ वर (जावाची वेब ॲप चालवणारा सर्व्हर) आमच्या पाच वॉर (प्रत्येकी एका वेब ॲपची फाइल) चालतात: लॉगिन, ठेवी, कर्ज, रिपोर्ट आणि एसएमएस-सूचना. जावा ११, लिनक्स, मशीनला ८ जीबी रॅम, मायएसक्यूएल त्याच मशीनवर. सूचनांची वॉर सारखी बदलते, कारण मेसेजचा मजकूर आणि कोणाला कधी पाठवायचा याचे नियम संस्थेचं संचालक मंडळ बदलत असतं. अख्खा टॉमकॅट बंद केला तर काउंटरवर रांग लागते. म्हणून जेन्किन्समधून (डिप्लॉय आपोआप करणारं साधन) टॉमकॅटच्या मॅनेजर ॲपमार्फत तेवढी एकच वॉर रीडिप्लॉय करतो, म्हणजे सर्व्हर चालू ठेवून जुनी काढून नवी चढवतो.

त्रास असा की थोडे रीडिप्लॉय झाले की जावाची प्रोसेसच गायब होते. लॉगमध्ये आउटऑफमेमरीएरर नाही, स्टॅक ट्रेस नाही, शेवटची ओळ रोजच्यासारखी. मेमरी संपली तर हीप डंप (हीपची, म्हणजे जावाचे ऑब्जेक्ट राहतात त्या मेमरीची प्रत) घ्यायचा पर्याय लावलेला आहे, पण डंपची फाइल कधीच तयार झालेली नाही. हीपची मर्यादा ३ जीबी आहे आणि आलेख त्याच्या बराच खाली असतो. शेवटी डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) सापडलं: मशीनची रॅम संपत आली की प्रोसेस मारणाऱ्या कर्नलच्या ओओएम किलरने आमची प्रोसेस मारली होती. टॉपमध्ये पाहिलं तर प्रत्येक रीडिप्लॉयला प्रोसेसची प्रत्यक्ष मेमरी शे-सव्वाशे एमबीने वर चढते आणि खाली येतच नाही.

सध्या रात्री रीस्टार्ट करून वेळ मारून नेतोय. ग्राहक १६ जीबी रॅम टाकायला तयार आहे, पण कारण कळल्याशिवाय त्याला खर्चात पाडायची माझी इच्छा नाही. कुठून सुरुवात करू?

अवांतर: त्याच ग्राहकाची आणखी एक तक्रार आहे. काही सभासदांना हप्ता जमा झाल्याचा एसएमएस दोनदा येतो, कधी तीनदाही. गेटवेवाल्यांकडे तिकीट टाकलं आहे. त्याचा इथे संबंध नसावा.

---

जुना_जावाकर (सोमवार, रात्री ९:४५)

क्लासलोडर लीक आहे हे, डोळे मिटून सांगतो. म्हणजे ॲपचे क्लास मेमरीत आणणारी वस्तू ॲप काढली तरी सुटत नाही. जावा ६ च्या काळात आम्ही हाच प्रकार पर्मजेनच्या नावाने भोगला. तेव्हा क्लासची माहिती पर्मजेन नावाच्या ठराविक जागेत असायची आणि तिची डिफॉल्ट मर्यादा शंभर एमबीच्याही आत. स्प्रिंग-हायबरनेटची (जावाच्या नेहमीच्या लायब्ररी) एखादी ॲप चार-पाच वेळा रीडिप्लॉय केली की पर्मजेन संपल्याची चूक ठरलेली. लोक मर्यादा दुप्पट करायचे आणि पुढचा आठवडा काढायचे.

मार्च २०१४ मध्ये जावा ८ आला, पर्मजेन गेलं आणि मेटास्पेस आलं. ते हीपच्या बाहेर, नेटिव्ह मेमरीत असतं आणि मुळात त्याला वरची मर्यादाच नसते. त्यामुळे बऱ्याच जणांचा समज झाला की दुखणं बरं झालं. लीक होती तिथेच आहे, फक्त आता ती जावाच्या कुंपणाला न धडकता थेट मशीनच्या रॅमला धडकते. जावाला कळायच्या आत कर्नल प्रोसेस मारतो, म्हणून तुम्हाला ना चूक दिसली ना डंप मिळाला.

आधी मॅक्समेटास्पेससाइझ लावा, समजा ५१२ एमबी. त्याने लीक जाणार नाही. पण मर्यादा गाठल्यावर मेटास्पेसची आउटऑफमेमरीएरर येईल आणि तुमचा डंपचा पर्याय तेव्हा नक्की चालेल. अंधारात मरण्यापेक्षा पुरावा ठेवून मेलेलं बरं.

---

चाकोरीबाहेर (सोमवार, रात्री १०:०५)

मूळ प्रश्नच वेगळा आहे असं मला वाटतं. चालू जेव्हीएममध्ये (जावा चालवणारी प्रोसेस) वॉर बदलायची कशाला? प्रत्येक वॉर स्वतंत्र प्रोसेस करा, स्प्रिंग बूटचा जार किंवा कंटेनर, पुढे रिक्वेस्ट वाटून देणारा एनजिनएक्स. नवीन आवृत्ती आली की जुनी प्रोसेस बंद, नवी सुरू. प्रोसेस गेली की तिची सगळी मेमरी ऑपरेटिंग सिस्टिम परत घेते. लीक शोधत बसायची गरजच नाही.

---

मुक्ता_के (सोमवार, रात्री ११:२०)

कृष्णाकाठ, तुमचं अवांतर मला मूळ विषयच वाटतंय. त्याकडे शेवटी येते.

टॉमकॅट प्रत्येक वॉरसाठी वेगळा क्लासलोडर बनवतो. तुम्ही रीडिप्लॉय करता तेव्हा जुना लोडर सोडून दिला जातो आणि नवा तयार होतो. जुना लोडर कचरा म्हणून उचलला गेला (हे काम जेव्हीएमचा जीसी करतो) तरच त्याचे क्लास मेटास्पेसमधून जातात. क्लास एकेकटा सुटत नाही, लोडरबरोबर सगळे एकदम सुटतात.

आता साखळी बघा. प्रत्येक ऑब्जेक्ट आपल्या क्लासला धरून असतो. क्लास आपल्या लोडरला धरून असतो. लोडरने लोड केलेले सगळे क्लास त्याच्याकडे असतात, आणि त्या क्लासांच्या स्टॅटिक फील्डमध्ये जे जे काही आहे ते सगळं. म्हणजे टॉमकॅटच्या किंवा जेव्हीएमच्या बाजूच्या एखाद्या दीर्घायुषी वस्तूने तुमच्या ॲपमधला एक चिमुकला ऑब्जेक्ट जरी धरून ठेवला, तरी अख्खी जुनी ॲप जिवंत राहते: हजारो क्लास, हायबरनेटचा मेटाडेटा, कॅश, सगळं. लीक झालेली वस्तू चाळीस बाइटची असते आणि अडकलेली मेमरी शंभर एमबीची, ती यामुळे.

धरून ठेवणारे कोण? माझ्या अनुभवात पहिला नंबर ॲपने सुरू केलेल्या आणि न थांबवलेल्या थ्रेडचा (प्रोसेसच्या आत समांतर चालणारं काम). चालू थ्रेड हा जीसीच्या दृष्टीने मूळच (रूट) असतो, त्याने धरलेलं काही उचललं जात नाही. त्याच्या हातात तुमचा रनेबल, म्हणजे त्याला दिलेलं काम असतं, शिवाय सुरू करताना चिकटलेला कॉन्टेक्स्ट क्लासलोडरही असतो. दुसरा नंबर टॉमकॅटच्या रिक्वेस्ट थ्रेडवर राहून गेलेल्या थ्रेडलोकलचा (त्या एका थ्रेडपुरती ठेवलेली व्हॅल्यू). मग ड्रायव्हरमॅनेजरमध्ये नोंदवलेला जेडीबीसी ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडणारा), एमबीन सर्व्हरमध्ये नोंदवून न काढलेले एमबीन (देखरेखीच्या वस्तू), शटडाउन हुक, आणि जेव्हीएमचे स्वतःचे काही कॅश.

टॉमकॅट यातलं बरंच ओळखतो. हे काम ६.०.२४ पासून, म्हणजे २०१० पासून त्यात आहे. कॅटालिनाच्या, म्हणजे टॉमकॅटच्या मुख्य लॉगमध्ये नेमका अनडिप्लॉयच्या क्षणाचा भाग काढा. "या वेब ॲप्लिकेशनने अमुक नावाचा थ्रेड सुरू केला पण थांबवला नाही, यातून मेमरी लीक होण्याची दाट शक्यता आहे" अशा अर्थाच्या इंग्रजी सूचना दिसतील. सूचना आहेत, चुका नाहीत, म्हणून कोणी त्या वाचत नाही. त्याच्या पुढे काही वेळाने "बेकायदा प्रवेश, हे वेब ॲप्लिकेशन आधीच थांबवलेलं आहे, अमुक क्लास लोड करता आला नाही" अशी ओळ दिसते का तेही बघा. ती दिसली तर थांबवलेल्या ॲपमधलं काहीतरी अजून पळतंय.

आता एसएमएस. सूचनांच्या वॉरमध्ये टेबल तपासत बसणारा एखादा थ्रेड आहे का? आणि डेटाबेसच्या कनेक्शनचा पूल टॉमकॅटच्या जेएनडीआयमधला, म्हणजे ॲपने नाही तर सर्व्हरने ठेवलेला आहे का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर जुन्या आवृत्तीचा थ्रेड रीडिप्लॉयनंतरही जिवंत असणार, पूल सर्व्हरचा असल्यामुळे त्याला कनेक्शनही मिळत असणार, आणि तो नव्या थ्रेडच्या शेजारी बसून त्याच ओळी उचलत असणार. दोन रीडिप्लॉय झाले की तीन थ्रेड. तुमचा तिसरा एसएमएस तिथून येत असेल.

---

कृष्णाकाठ (मंगळवार, सकाळी ८:३०)

मुक्ताताई, दोन्हींचं उत्तर हो आहे. पूल जेएनडीआयचाच आहे आणि ज्या टेबलातून मेसेज जातात ते तपासणारा थ्रेडही आहे. लॉग काढतो आणि संध्याकाळी लिहितो. गेटवेचं तिकीट आत्ता थांबवायला सांगतो.

---

ठाणेकर_७ (मंगळवार, सकाळी १०:१५)

कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएलमध्ये क्लिअररेफरन्सेसस्टॉपथ्रेड्स ट्रू करून टाका. टॉमकॅट अनडिप्लॉयच्या वेळी उरलेले थ्रेड स्वतःच थांबवतो. आमच्या डेव्हलपमेंट सर्व्हरवर लावलंय, त्रास गेला.

---

मुक्ता_के (मंगळवार, दुपारी १:४०)

ठाणेकर, डेव्हलपमेंटला ठीक आहे. पतसंस्थेच्या सर्व्हरवर लावू नका अशी माझी कळकळीची विनंती. तो पर्याय डिफॉल्टने बंद आहे त्याला कारण आहे. पूलमधले थ्रेड असतील तर टॉमकॅट आधी पूल नीट बंद करायचा प्रयत्न करतो, पण बाकीच्यांना शेवटी थ्रेडची जुनी स्टॉप मेथड वापरून मारतो. थ्रेड कुठल्याही ओळीवर मरतो. लॉक सुटतो, अर्धवट बदललेला डेटा तसाच राहतो. टॉमकॅटच्या दस्तऐवजातही ही धोक्याची सूचना आहे. शिवाय जावा २० पासून ती मेथड हाक मारली की थेट अपवाद फेकते, म्हणजे हा रस्ता पुढे बंदच झालेला आहे.

जो सुरू करतो त्याने थांबवायचं. ॲपला माहीत असतं की थांबण्याआधी काय पूर्ण करायचंय, टॉमकॅटला ते कळायचा मार्ग नाही.

---

चाकोरीबाहेर (मंगळवार, दुपारी २:१०)

माझा मुद्दा कायम आहे, पण एसएमएसचा भाग वाचून थोडा थांबलो. हा प्रकार फक्त मेमरीचा असेल असं मी धरून चाललो होतो. जुना कोड प्रत्यक्ष व्यवहारावर काम करत राहतो हे फार गंभीर आहे. समजा व्याजाचा दर नव्या आवृत्तीत बदलला आणि जुना थ्रेड जुन्याच दराने आकारणी करत राहिला, तर?

---

जुना_जावाकर (मंगळवार, सायंकाळी ५:३०)

अगदी हेच. भाडेकरू घर सोडून गेला म्हणून आपण नवा ठेवतो आणि नंतर कळतं की जुन्याकडे अजून किल्ली आहे, रोज येऊन जातो.

वेबलॉजिक या दुसऱ्या जावा सर्व्हरवर आम्ही नव्या-जुन्या आवृत्त्या शेजारी-शेजारी चालवायचो. जुनी सेशन संपेपर्यंत जुनी आवृत्ती ठेवायची, मग ती निवृत्त. टॉमकॅटमध्येही ७ पासून ही सोय आहे: वॉरच्या नावात दोन हॅश चिन्हं आणि पुढे आवृत्ती. इथे दोन गोष्टी सांभाळा. आवृत्तीची तुलना अक्षरांप्रमाणे होते, आकड्यांप्रमाणे नाही. म्हणजे ११ ही २ च्या आधी धरली जाते, म्हणून ००२, ०११ असं शून्य लावून लिहा. आणि होस्टमध्ये जुन्या आवृत्त्या काढून टाकण्याचा पर्याय वेगळा लावावा लागतो. पण आधी लीक काढा. लीक असलेल्या ॲपला ही सोय दिली तर जुन्या आवृत्त्या अधिकृतपणे आणि अनधिकृतपणे अशा दोन्ही वाटांनी साठतात.

---

कृष्णाकाठ (मंगळवार, रात्री १०:५०)

लॉग काढला. मुक्ताताईंनी सांगितलेल्या दोन्ही ओळी अक्षरशः आहेत. थांबवला नाही म्हणून ज्याचं नाव येतं तो थ्रेड "सूचना-पाठवणी-१". काही ठिकाणी थ्रेडलोकलबद्दलची सूचनाही आहे.

मग मॅनेजरमधलं लीक शोधण्याचं बटण दाबलं. (ते पूर्ण जीसी करतं, म्हणून काउंटर बंद झाल्यावरच दाबलं.) सूचनांच्या वॉरचं नाव यादीत आलं. बाकी चार वॉर स्वच्छ आहेत, पण त्या रीडिप्लॉयच होत नाहीत, त्यामुळे त्यांची परीक्षाच झालेली नाही. जेसीएमडी या जावाच्या साधनाने क्लासलोडरची आकडेवारी काढली तर टॉमकॅटचे वेबॲप लोडर वॉरच्या संख्येपेक्षा कितीतरी जास्त दिसले आणि त्यातल्या बहुतेकांकडे जवळपास सारखेच, सतरा हजारांच्या आसपास क्लास.

हीप डंप घेतलाय, पावणेदोन जीबीचा आहे. एक्लिप्स मेमरी ॲनालायझरमध्ये उघडला. आता यात नेमकं काय बघू? डंप कुठे अपलोड करू का, म्हणजे तुम्हाला बघता येईल?

---

मुक्ता_के (मंगळवार, रात्री ११:१५)

डंप कोणालाही देऊ नका, मलाही नाही. त्यात सभासदांची नावं, मोबाइल नंबर, खात्यांची शिल्लक, डेटाबेसचा पासवर्ड, सगळं साध्या अक्षरांत असतं. काम झालं की पुसून टाका.

ॲनालायझरमध्ये पॅरललवेबॲपक्लासलोडर या क्लासचे सगळे ऑब्जेक्ट काढा. प्रत्येकात स्टेट नावाचं फील्ड आहे. चालू ॲपच्या लोडरमध्ये ते स्टार्टेड असतं, सोडून दिलेल्यांमध्ये डिस्ट्रॉइड. एक डिस्ट्रॉइड निवडा, उजवं क्लिक करून जीसी रूटपर्यंतचा मार्ग मागा, आणि वीक, सॉफ्ट, फँटम सगळे रेफरन्स (वस्तूला घट्ट न धरणारे) वगळायला सांगा. हा शेवटचा भाग विसरलात तर शेकडो निरुपद्रवी मार्ग दिसतील आणि खरा त्यात हरवेल. वगळल्यावर सहसा एक-दोनच मार्ग उरतात. ते इथे लिहा, क्लासची नावं पुरेत.

---

कृष्णाकाठ (बुधवार, रात्री ९:३५)

मिळाले. दोन मार्ग उरले.

पहिला:
थ्रेड "सूचना-पाठवणी-१", चालू
→ कॉन्टेक्स्टक्लासलोडर
→ पॅरललवेबॲपक्लासलोडर, स्टेट: डिस्ट्रॉइड

दुसरा:
थ्रेड "एचटीटीपी-एनआयओ-८०८०-एक्झेक-१४", चालू
→ थ्रेडलोकल्स
→ टेबलमधली नोंद, व्हॅल्यू
→ आमच्या कोडमधला वापरकर्तासंदर्भ हा क्लास
→ पॅरललवेबॲपक्लासलोडर, स्टेट: डिस्ट्रॉइड

पहिल्याचा कोड उघडला. हा भाग बराच जुना आहे. सूचनासेवा या स्प्रिंग सर्व्हिसच्या कन्स्ट्रक्टरमध्येच एका थ्रेडचा एक्झिक्युटर (थ्रेडचा पूल) बनवलाय आणि त्याला काम दिलंय. कामात न संपणारी लूप आहे: टेबलातल्या बाकी ओळी आण, पाठव, दहा सेकंद झोप. लूपच्या आत या सगळ्या कामाभोवती एक ट्राय, आणि कॅचमध्ये कुठलाही एक्सेप्शन आला तरी लॉगमध्ये लिहून पुढे चालू. पूल बंद करणारी ओळ कुठेच नाही. स्प्रिंग कॉन्टेक्स्ट बंद होताना एक्झिक्युटर आपोआप बंद होतो असं मी वाचलं होतं, मग इथे का झाला नाही?

---

मुक्ता_के (बुधवार, रात्री १०:२०)

फार छान शोधलंत.

तुम्ही वाचलं ते बरोबर आहे, पण ते बीन मेथडमधून (स्प्रिंगने सांभाळायची वस्तू बनवून देणारी मेथड) परत दिलेल्या वस्तूंना लागू आहे. कॉन्फिगरेशन क्लासमध्ये बीन म्हणून एक्झिक्युटर दिला असता तर स्प्रिंगने त्यावर क्लोज किंवा शटडाउन नावाची मेथड आहे का हे पाहून ती स्वतः बोलावली असती. कन्स्ट्रक्टरच्या पोटात न्यू करून बनवलेला एक्झिक्युटर स्प्रिंगला माहीतच नाही.

तेव्हा एकतर तो बीन करा, किंवा सर्व्हिसमध्ये प्रीडिस्ट्रॉय मेथड (बंद होताना स्प्रिंग बोलावतं ती) लिहून तिथे थांबवा. पण दोन्हींनी तुमचं काम अर्धंच होईल, कारण खरी अडचण त्या कॅचमध्ये आहे. साधं शटडाउन नवं काम घेणं थांबवतं, चालू कामाला हात लावत नाही, आणि तुमचं चालू काम कधी संपतच नाही. म्हणून शटडाउननाउ लागेल. ते थ्रेडला इंटरप्ट, म्हणजे थांबण्याचा निरोप, पाठवतं. झोपेत असलेला थ्रेड इंटरप्टेडएक्सेप्शन घेऊन उठतो, आणि तुमची लूप तो एक्सेप्शन गिळून पुन्हा कामाला लागते. निरोप पोचतो आणि हरवतो.

लूपची अट "इंटरप्ट झालेलं नाही तोवर" अशी करा. इंटरप्टेडएक्सेप्शन वेगळा पकडा, त्यात इंटरप्टचा झेंडा पुन्हा उभा करा आणि लूपमधून बाहेर पडा. प्रीडिस्ट्रॉयमध्ये शटडाउननाउनंतर अवेटटर्मिनेशनने थोडा वेळ वाट बघा, म्हणजे अर्ध्यात असलेला मेसेज पाठवून त्याची नोंद होईपर्यंत ॲप खाली जाणार नाही. गेटवेच्या टाइमआउटपेक्षा ही वाट जास्त ठेवा.

आणि टेबलातली ओळ उचलण्याची पद्धतही बदला, लीक गेली तरी. आधी वाचून मग पाठवून मग खूण करणं ही रीत दुसरा सर्व्हर लावलात त्या दिवशी पुन्हा दोन एसएमएस पाठवेल. मायएसक्यूएल ८ असेल तर ओळी वाचतानाच अपडेटसाठी लॉक करा आणि आधीच लॉक असलेल्या ओळी वगळायला सांगा.

दुसरा मार्ग वापरकर्तासंदर्भचा. फिल्टरमध्ये (प्रत्येक रिक्वेस्टभोवती चालणारा कोड) सेट करता ना?

---

कृष्णाकाठ (बुधवार, रात्री १०:४०)

हो. फिल्टरमध्ये सेट होतो, आणि रिक्वेस्ट पुढे पाठवल्यानंतरच्या ओळीत रिमूव्ह. फायनली (एक्सेप्शन आला तरी चालणारा भाग) नाही. म्हणजे आत एक्सेप्शन आला की रिमूव्हपर्यंत पोचतच नाही.

---

नवशिकी_प्राची (गुरुवार, सकाळी ९:०५)

खूप शिकायला मिळतंय. एक शंका आहे. मी वाचलं की थ्रेडलोकलच्या नोंदीतली 'की' (किल्ली, म्हणजे तो थ्रेडलोकल) वीक रेफरन्सने धरलेली असते. मग ॲप गेल्यावर ती नोंद आपोआप निघायला हवी ना? आणि आम्ही थ्रेडलोकलमध्ये फक्त स्ट्रिंग ठेवतो, तरी लीक होईल का?

---

मुक्ता_के (गुरुवार, दुपारी १२:५०)

प्राची, तुझा प्रश्न नेमका आहे.

'की' वीक आहे, व्हॅल्यू नाही. थ्रेड व्हॅल्यूला घट्ट धरून असतो. व्हॅल्यूचा क्लास ॲपमधला असेल तर व्हॅल्यू, तिचा क्लास, त्याचा लोडर, लोडरचे सगळे क्लास, त्यातल्या एकाचं स्टॅटिक फील्ड, आणि त्या फील्डमध्ये तोच थ्रेडलोकल, असं वर्तुळ पूर्ण होतं. व्हॅल्यूच आपल्या कीला जिवंत ठेवते. वीक असून उपयोग होत नाही.

स्ट्रिंग ही जेव्हीएमची वस्तू आहे, ती तुमच्या लोडरला ओळखत नाही. त्यामुळे लोडर अडकणार नाही. तरीही रिमूव्ह हवाच, कारण तोच थ्रेड पुढच्या माणसाच्या रिक्वेस्टला मिळतो आणि आधीच्या माणसाचं नाव त्याच्या हातात पडतं. ते मेमरी लीकपेक्षा वाईट.

एक फसवी जागा सांगते. काहीजण हॅशमॅप बनवताना दुहेरी महिरपी कंस लावून आतच पुट करतात. दिसायला तो जावाचा हॅशमॅप, पण प्रत्यक्षात तो तुमच्या ॲपमधला एक निनावी उपक्लास असतो. तो थ्रेडलोकलमध्ये ठेवलास तर लोडर अडकला. कोड वाचून हे सहज लक्षात येत नाही, डंपमध्ये क्लासच्या नावापुढे डॉलर आणि आकडा दिसतो तेव्हा कळतं.

कृष्णाकाठ, तुमच्या दुसऱ्या मार्गाबद्दल: टॉमकॅट ७ पासून ॲप थांबल्यावर आपल्या पूलमधले रिक्वेस्ट थ्रेड हळूहळू बदलून नवे घेतो, म्हणजे अशी लीक कालांतराने सुटते. पण थ्रेड बदलतो तो एखादी रिक्वेस्ट संपवून पूलमध्ये परतताना. रात्री वर्दळ नसते तेव्हा रीडिप्लॉय करून लगेच मोजाल तर जुने थ्रेड तसेच बसलेले दिसतील. फायनली लावा, आणि मोजण्याआधी थोड्या रिक्वेस्ट जाऊ द्या.

---

ठाणेकर_७ (गुरुवार, दुपारी ३:२०)

मुक्ताताई, तुमचं पटलं, आमच्याकडेही तो पर्याय काढून खरं कारण शोधायला घेतलं. आमच्या लॉगमध्ये मायएसक्यूएलचा सोडून दिलेली कनेक्शन साफ करणारा थ्रेड आणि ड्रायव्हर जबरदस्तीने काढल्याची सूचना दिसते. ड्रायव्हरचा जार वॉरच्या आत, वेब-इन्फच्या लिबमध्ये आहे.

---

जुना_जावाकर (गुरुवार, सायंकाळी ६:००)

जार टॉमकॅटच्या लिबमध्ये हलवा आणि वॉरमधून नक्की काढा. दोन्हीकडे राहिला तर उपयोग शून्य, कारण टॉमकॅटचा वेबॲप लोडर आधी स्वतःच्या लिबमध्ये बघतो. मेव्हनमध्ये (बिल्डचं साधन) प्रोव्हायडेड, म्हणजे वॉरमध्ये घालू नको असं लिहून थांबू नका, तयार झालेली वॉर उघडून बघा. दुसऱ्या कुठल्या तरी लायब्ररीच्या पाठीवर बसून तोच जार पुन्हा आत येतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय. हलवता येत नसेल तर कॉन्टेक्स्ट लिसनरच्या डिस्ट्रॉय मेथडमध्ये त्या साफसफाईच्या थ्रेडची चेक्डशटडाउन ही स्टॅटिक मेथड बोलवा आणि ड्रायव्हरची नोंदही स्वतः काढा.

हा लिसनर वेब डॉट एक्सएमएलमध्ये सगळ्यात वर लिहा. बंद होताना लिसनर उलट्या क्रमाने बोलावले जातात, म्हणून वरचा सगळ्यात शेवटी चालतो. आधी स्प्रिंगला त्याची कनेक्शन बंद करू द्या, मग ड्रायव्हर काढा.

---

कृष्णाकाठ (शनिवार, सायंकाळी ७:१५)

दोन्ही दुरुस्त्या करून टेस्ट सर्व्हरवर लावल्या. टॉमकॅटच्या थ्रेड न थांबवल्याच्या आणि थ्रेडलोकलच्या सूचना लॉगमधून गेल्या. क्लास अनलोड झाल्याच्या नोंदी लॉगमध्ये चालू केल्या होत्या, तर रीडिप्लॉयनंतरच्या पूर्ण जीसीला जुन्या ॲपच्या क्लासांची लांबच लांब यादी गेलेली दिसली. इतके दिवस ही यादी कधी उमटलीच नव्हती. ओळी लॉक करून उचलणंही टाकलं. ग्राहकाला रॅम घेऊ नका असं कळवलं. बाकी चार वॉरही टेस्टवर रीडिप्लॉय करून तपासायला घेतल्यात.

एक गोष्ट राहिली. मॅनेजरचं लीक शोधणारं बटण अजूनही कधीकधी सूचनांच्या वॉरचं नाव दाखवतं. प्रत्येक वेळी नाही. ॲनालायझरमध्ये तोच मार्ग मागितला तर "मार्ग नाही" म्हणतो. मग खरं कोण?

---

मुक्ता_के (शनिवार, रात्री ८:५०)

दोघंही. मार्ग मागताना तुम्ही सॉफ्ट रेफरन्स वगळलेत. बटण एक पूर्ण जीसी करून जुना लोडर उरलाय का एवढंच बघतं, आणि सॉफ्ट रेफरन्सने धरलेली वस्तू मेमरीची चणचण नसेल तर साध्या पूर्ण जीसीत राहू शकते. सॉफ्ट वगळू नका आणि पुन्हा मार्ग मागा, एखादा कॅश दिसेल. मेटास्पेस मर्यादेला टेकलं की जेव्हीएम हार मानण्याआधी सॉफ्ट रेफरन्सही साफ करून एक शेवटचा जीसी करतं, तेव्हा तो लोडर जाईल.

खात्री अशी करा: टेस्ट सर्व्हरवर मॅक्समेटास्पेससाइझ मुद्दाम कमी ठेवा, सगळ्या वॉर आणि एक जुनी प्रत जेमतेम मावेल इतकी. मग जेन्किन्समधून डिप्लॉय, चार-सहा पानांवर रिक्वेस्ट, एक मुद्दाम चुकणारी रिक्वेस्टही, मग अनडिप्लॉय, असं फिरवत ठेवा. खरी लीक असेल तर दोन-तीन फेऱ्यांत मेटास्पेसची चूक येईल. सॉफ्ट रेफरन्स असेल तर रात्रभर चालेल.

---

चाकोरीबाहेर (शनिवार, रात्री ९:३०)

ही चाचणी आम्हीही घेणार आहोत. आमच्या स्प्रिंग बूट ॲपमध्ये डेव्हटूल्स कोड बदलला की आतल्या आत नवा लोडर घेऊन ॲप पुन्हा सुरू करतं, आणि दुपारपर्यंत लॅपटॉपवर मेमरी भरते ती याच कारणाने असणार. प्रोसेस वेगळी केली तरी न थांबणारा थ्रेड कोडमध्ये आहेच. कंटेनर बंद होताना तो निरोप ऐकत नसल्यामुळे दहा सेकंदांनी डॉकर तो कंटेनर सरळ मारतं, हेही आज तपासताना दिसलं. इंटरप्टवालं दुरुस्तीचं काम सोमवारी घेतो.

---

कृष्णाकाठ (रविवार, सकाळी १०:२०)

कमी मेटास्पेसवर रात्रभर फिरवलं. चूक आली नाही, वापर वर जातो आणि परत त्याच पातळीवर येतो. सॉफ्ट न वगळता मार्ग मागितला तर जेव्हीएमच्या ऑब्जेक्टस्ट्रीमक्लासचा कॅश निघाला, आम्ही सेशन सिरिअलाइझ करतो तिथला. दुरुस्त वॉर आज काउंटर बंद असताना ग्राहकाकडे चढवतोय. जुने थ्रेड काढायला एकदाच टॉमकॅट रीस्टार्ट करेन, रात्रीचा रीस्टार्ट क्रॉनमधून काढून टाकेन आणि मर्यादा ५१२ एमबीवर ठेवेन.

कर्जाच्या वॉरमध्ये क्वार्ट्झ (ठरल्या वेळी जॉब चालवणारी लायब्ररी) आहे आणि टेस्टवर रीडिप्लॉय केल्यावर त्याचे वर्कर थ्रेड लॉगमध्ये आलेत. शेड्युलर कोडमधून हाताने सुरू केलाय. त्याचा शटडाउन ट्रू देऊन बोलावला की चालू जॉब संपेपर्यंत थांबतो, बरोबर ना?

---

मुक्ता_के (रविवार, सकाळी ११:००)

बरोबर. पण व्याज आकारणीचा जॉब तासभर चालत असेल तर अनडिप्लॉयही तासभर अडून राहील. त्या जॉबच्या वेळेत जेन्किन्सला डिप्लॉय करूच देऊ नका.